अ‍ॅव्हिल की सेट्रिझिन?

अंगावर पित्त उठलं किंवा सकाळी उठल्या उठल्या शिंकांची रांग लागली, की मेडिकलमधून कधी अ‍ॅव्हिल येते, कधी सेट्रिझिन. घरात दोन्हींचं नाव एकच, ‘अ‍ॅलर्जीची गोळी’. एक संपली की दुसरी घेतली जाते. खाज दोन्हींनी थांबते, हे खरं. पण गोळी घेऊन कोणी गाडी चालवणार असेल, किंवा घेणारे सत्तरीतले आजोबा असतील, तर एकीच्या जागी दुसरी घेणं महागात पडू शकतं.

अ‍ॅलर्जीत शरीरातल्या काही पेशींमधून हिस्टामिन नावाचं रसायन सुटतं. त्याने खाज सुटते, गांधी येतात, नाक वाहतं. हिस्टामिन जिथे जाऊन चिकटतं ती जागा दोन्ही औषधं अडवतात. पण हेच हिस्टामिन मेंदूत आपल्याला जागं ठेवायचं काम करतं. अ‍ॅव्हिल म्हणजे फेनिरामिन, जुन्या पिढीतलं औषध. सर्दीच्या गोळ्यांत असतं ते क्लोरफेनिरामिन याच घराण्यातलं. ही औषधं रक्तातून मेंदूत सहज शिरतात. सेट्रिझिन नव्या पिढीतलं, ते मेंदूत बरंच कमी पोचतं.

अ‍ॅव्हिलने गाढ झोप लागली की ‘गोळी चांगली स्ट्राँग आहे’ असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. हा समज मला फार घातक वाटतो. त्या झोपेचा खाज थांबण्याशी काही संबंध नसतो. शिवाय रात्री घेतलेल्या गोळीची सुस्ती सकाळीही अंगात असू शकते. आपल्याला वाटतं झोप पूर्ण झाली, पण ब्रेक दाबायला लागणारा वेळ वाढलेला असतो. त्यात दारूची भर पडली तर धोका आणखी वाढतो.

सेट्रिझिनने झोप येतच नाही, असंही नाही. प्रौढांवरच्या चाचण्यांत १० मिलिग्रॅमची गोळी घेतलेल्या १०० पैकी साधारण १४ जणांना झोपाळल्यासारखं झालं, औषध नसलेली गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण ६ होतं. त्यामुळे पहिली गोळी रात्री, घरी असताना घेऊन बघावी. लेव्होसेट्रिझिन म्हणजे सेट्रिझिनमधलाच कामाचा अर्धा भाग, म्हणून तिची गोळी ५ मिलिग्रॅमची. रोज गाडी चालवणाऱ्यांना किंवा मशीनवर काम करणाऱ्यांना डॉक्टर बऱ्याचदा फेक्सोफेनाडिन देतात, त्याने झोप सर्वांत कमी येते. ती मात्र पाण्याबरोबरच घ्यायची. संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतली तर अंगी कमी लागते.

जुन्या गोळीचा मोठा दोष झोपेपलीकडचा आहे. ती शरीरातल्या आणखी एका यंत्रणेला आवर घालते. त्यामुळे तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, नजर धूसर होते. तरुण माणूस हे सोसून नेतो. पण प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांनी सर्दीसाठी अशी गोळी घेतली, तर लघवी अडकून रात्रीतून हॉस्पिटल गाठावं लागू शकतं. वयस्क माणसांना भ्रम होतो, तोल जातो, पडून हाड मोडतं. काचबिंदूच्या एका प्रकारात डोळ्यातला दाब अचानक वाढू शकतो. म्हणून घरातल्या ज्येष्ठांना अ‍ॅव्हिल परस्पर देऊ नये, असं मी आग्रहाने सांगेन. सेट्रिझिनमध्ये हा त्रास कमी असला तरी ती मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. किडनीचा आजार असेल तर डोस डॉक्टरांनी कमी करून द्यायला हवा.

अ‍ॅव्हिल सरस ठरते ती घाटात. ज्यांना गाडी लागते त्यांना जुन्या पिढीतल्या गोळ्यांचा उपयोग होतो, कारण त्या मेंदूपर्यंत पोचतात. सेट्रिझिन तिथे कामाची नाही. गोळी प्रवासाआधी घ्यायची, आणि अर्थातच चालकाने नाही.

एक चूक घरोघरी होते. सर्दीच्या गोळीची स्ट्रिप उलटी करून बघा. पॅरासिटामॉल आणि फिनाइलेफ्रिनच्या शेजारी बारीक अक्षरात बहुधा क्लोरफेनिरामिन मॅलिएट सापडेल. ती गोळी, वर खोकल्याचं औषध आणि शिंकांसाठी सेट्रिझिन, म्हणजे एकाच दिवसात दोन-तीन अँटिहिस्टामिन, म्हणजे हिस्टामिनला अडवणारी औषधं, पोटात. लहान मुलांबाबत तर जास्तच जपायला हवं. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध ४ वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना लेबलवर छापण्याचे आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिले. मूल झोपावं म्हणून ही औषधं पाजणं तर धोक्याचंच. काही मुलं उलट चिडचिडी आणि अस्वस्थ होतात.

सेट्रिझिन महिनोन्‌महिने रोज घेणाऱ्यांसाठी एक नवी गोष्ट. गोळी बंद केल्यावर काहींना अंगभर तीव्र खाज सुटते, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मे २०२५ मध्ये दिला. असं क्वचितच होतं. पण झालं तर जुनी अ‍ॅलर्जी उलटली असं गृहीत न धरता डॉक्टरांना गोळी कधी थांबवली ते सांगा. अ‍ॅलर्जीची त्वचाचाचणी करायची असेल तर दोन्ही गोळ्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात, नाहीतर चाचणी खोटी पडते.

आणि एका प्रसंगी दोन्हींवर विसंबू नका. मधमाशी चावल्यावर, शेंगदाणे किंवा कोळंबी खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजली, श्वास अडकू लागला, चक्कर आली, तर तिथे अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शनच लागतं. गोळीचा गुण येण्याची वाट बघत बसू नका, लगेच १०८ ला फोन करा.