रॉड लावला की बल्ब मंद का होतो?

घरातली उपकरणे समांतर जोडलेली असतात. त्यामुळे प्रत्येकाला पूर्ण २३० व्होल्ट मिळतात आणि एक बंद केले तरी दुसऱ्याचे अडत नाही, हे आपण शाळेत शिकतो. मग पाणी तापवायचा रॉड लावला, की त्याच लाइनवरचा जुना पिवळा बल्ब किंचित मंद का होतो? (एलईडीत हे सहसा दिसत नाही; आतले सर्किट ही घट सांभाळून घेते.)

आकडे मांडून बघू. १००० वॅटची इस्त्री सुमारे ४.३५ अँपिअर करंट घेते, २००० वॅटचा रॉड ८.७. म्हणजे इस्त्रीचा रोध साधारण ५३ ओहम आणि रॉडचा २६.५. जास्त वॅट म्हणजे जास्त रोध, असा पुष्कळांचा समज असतो; खरे उलटे आहे. समांतर जोडणीत व्होल्टेज सगळ्यांना सारखेच, त्यामुळे ज्याचा रोध कमी तोच जास्त करंट ओढतो आणि जास्त शक्तीही खातो. दोन्ही एकदम चालू केली, की एकत्रित रोध १७.६ ओहम, म्हणजे एकट्या रॉडपेक्षाही कमी! करंटला आणखी एक वाट मिळाली, एवढेच.

करंटची मात्र बेरीज होते: १३ अँपिअर. हा सगळा करंट ना इस्त्रीतून जातो ना रॉडमधून. तो जातो दोघांच्या सामाईक वायरमधून. आणि ही वायर सगळ्यांशी एकसर (एकापाठोपाठ) जोडलेली असते, गोम इथेच आहे. तिचा जाऊन-येऊन रोध अर्धा ओहम धरला, तर साडेसहा व्होल्ट वायरमध्येच खर्ची पडतात. बल्बला उरतात २२३.५.

वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एकट्या इस्त्रीच्या तिप्पट करंट, म्हणून नऊपट उष्णता: साडेनऊ वॅटचे ८५ वॅट. लांब वायरीत ती पसरून जाते. पण एक्स्टेंशन बोर्डातली पिन सैल असेल आणि तिथे फक्त ०.१ ओहम रोध असेल, तर टिकलीएवढ्या जागेत १७ वॅट साठतात. सॉकेटची भोके तपकिरी पडतात ती यामुळेच.

एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आहे ना, असे म्हणाल. १६ अँपिअरचा एमसीबी १३ अँपिअरला पडत नाही. तो भिंतीतल्या वायरीच्या हिशेबाने बसवलेला असतो. पुढे कुणी ६ अँपिअरचा बोर्ड लावलाय, हे त्याला कळायचा मार्गच नाही. म्हणून रॉड नेहमी भिंतीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावावा, आणि तोही एकटा.