पवनचक्क्या पाऊस पळवत्यात म्हणं!

सांगली जिल्ह्यातल्या ढालगावच्या माझ्या मामाचं एक ठाम मत आहे आणि ते गेली वीस-बावीस वर्षं तसूभर हललेलं नाही. पवनचक्क्या आल्या आणि पाऊस गेला. जूनच्या शेवटी पश्चिमेकडनं काळेभोर ढग येतात, माळावरच्या पंख्यांवरनं सरकत सरकत एक थेंब न टाकता जतकडं निघून जातात, हे तो दरवर्षी बांधावर उभा राहून बघतो आणि मग मला फोन. "आज पार अंधारून आलं हुतं बघ, आन ह्यांनी पंखं फिरवून हाकललं."

हसू नका. २००३ च्या दुष्काळात सांगली-साताऱ्याच्या पूर्व भागात ही बोलणी गावोगाव होती, जनावरं छावणीत, पाणी टँकरचं, आणि समोर डोंगरावर पांढरे पंखे निवांत फिरतायत. माणूस दुसरं काय म्हणणार?

मामा जे बघतो ते खोटं नाहीच. ढग येतात, पाऊस देत नाहीत आणि खाली पंखे फिरत असतात, तिन्ही गोष्टी खऱ्या. गडबड आहे ती कुणामुळं काय होतं यात.

अरबी समुद्रावरनं ओलं वारं येतं, ते सह्याद्रीला आडवं धडकतं, त्याला वर चढावं लागतं. वर चढलं की हवा प्रसरण पावते, थंड होते, थंड हवेत वाफ मावत नाही, मग तिचं पाणी होतं आणि ते महाबळेश्वर, कोयना, पाटणच्या डोक्यावर पडतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. घाट ओलांडून खाली उतरताना तीच हवा दाबली जाते, गरम होते, कोरडी होते. महाबळेश्वरपासून माणमधलं दहिवडी सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटर, पण तिथं पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आटपाडी-जतचीही तीच गत. याला पर्जन्यछाया म्हणतात, आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलंय, पण ती आपल्याच शेतावर पडलेली सावली आहे हे भूगोलाच्या मास्तरांनी कधी सांगितलं नाही.

आता बघा, घाटात पाणी सांडलं, पण वारं कुठं सांडलं? ते तसंच पुढं येतं, उघड्या माळावर त्याला ना झाड आडवं ना डोंगर. म्हणजे ढालगावच्या पठारावर वारं भरपूर आणि ओल कमी हे पवनचक्क्या यायच्या हजारो वर्षं आधीपासूनचं आहे. पवनचक्कीवाले असलीच जागा हुडकत असतात, वाऱ्याची, उंच, उघडी, आणि पीक येत नाही म्हणून स्वस्त. पंखे आल्यानं दुष्काळ पडला नाही, दुष्काळी माळ होता म्हणून पंखे तिथं आले.

हे फक्त आपल्याकडं नाही. केनियात तुर्काना सरोवराजवळ ३६५ पवनचक्क्यांचा ३१० मेगावॅटचा प्रकल्प आहे. दोन डोंगराळ भागांच्या मधल्या खोलगट पट्ट्यातनं तिथं वारं बोळातनं घुसल्यासारखं सुसाट येतं, आणि तो मुलूख जवळपास वाळवंट आहे. पंखे २०१७ मध्ये उभे राहून तयार झाले, पण चारशे किलोमीटरपेक्षा लांबची वीजवाहिनीच पूर्ण नव्हती, त्यामुळं वर्षभराहून जास्त काळ वीज न्यायला वाट नाही आणि वर दंडाचा भुर्दंड सरकारवर. जमिनीच्या मालकीवरनं तिथले लोक कोर्टात गेले ते वेगळंच. ते वाचताना मला सारखा मामाच आठवत होता.

तर मामाला मी हिशोब घातला. एका एकरावर एक सेंटीमीटर पाऊस पडला म्हणजे साधारण ४० हजार लिटर पाणी. एवढ्या वाफेचं पाणी होताना जी उष्णता बाहेर पडते ती विजेच्या भाषेत मोजली तर २८ हजार युनिट भरते. जुनी ३५० किलोवॅटची चक्की चोवीस तास फुल्ल ताकदीनं फिरली, जी ती कधीच फिरत नाही, तरी दिवसाला ८,४०० युनिट. म्हणजे एका एकरावरच्या एका सरीतली ऊर्जा गोळा करायला तिला तीन दिवस फिरावं लागंल. ढग असतो शेकडो किलोमीटर पसरलेला आणि काही किलोमीटर जाड, त्याच्यापुढं हा पंखा म्हणजे बैलाच्या पाठीवरची माशी.

"आन चाळकेवाडीला तर ढग पात्यातच येतोय की," मामा म्हणाला. हा मुद्दा मात्र खरा आहे. चाळकेवाडी म्हणजे साताऱ्याजवळचं पवनचक्क्यांचं पठार, सज्जनगड, ठोसेघर करून जुलैत तिथं वर गेलात तर हाताभरावरचं दिसत नाही, धुक्यात नुसता सूं सूं आवाज येतो आणि मधेच एक पातं डोक्यावरनं येऊन परत गायब होतं, पहिल्यांदा बघणारा दचकतोच. पण तिथं पाऊस कोसळत असतो, पात्यांच्या नाकावर टिच्चून. आणि ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा वरच्या पवनचक्क्या काय सुट्टीवर होत्या?

पंखा वारं गिळून टाकतो असंही काही नाही. सगळी ताकद काढून घेतली तर मागची हवा जाग्यावर थांबंल आणि पुढचीला यायला वाटच राहणार नाही. अल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं की कितीही भारी पंखा करा, त्याच्या तोंडातनं जाणाऱ्या वाऱ्यातली जास्तीत जास्त ५९.३ टक्के ऊर्जाच काढता येते. त्यातनं वाऱ्याचं गणित घनाचं आहे, म्हणजे वेग दुप्पट झाला की वीज आठपट, म्हणून तर वर्षातली बरीचशी वीज पावसाळ्याच्या चार महिन्यांत निघते आणि हिवाळ्यात पंखे आळसावलेले दिसतात. पंख्याच्या तोंडाचं गणित वर्गाचं. जुन्या ३५० किलोवॅटच्या चक्कीचा व्यास ३३ मीटर, हल्लीच्या ३ मेगावॅटवाल्याचा १४४ मीटर, व्यास सव्वाचारपट पण वाऱ्याचा घास १९ पट. म्हणून जुने काढून तिथंच मोठे बसवायचं धोरण सरकारनं २०१६ मध्ये आणलं, कारण सगळ्यात चांगल्या जागा पहिल्याच पिढीच्या बारक्या पंख्यांनी धरून ठेवल्यात.

मग पवनचक्क्यांनी काहीच फरक पडत नाही का? पडतो की, पण भलतीकडंच. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संशोधकांनी चाळकेवाडीच्या पठारावरच अभ्यास केला, तो २०१८ मध्ये छापून आला. पंखे असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चारपट कमी, आणि म्हणून सरडे जास्त. गळ्याखाली निळा-काळा-केशरी पंखा फुलवणारा तो सरडा, शास्त्रीय नाव सराडा सुपर्बा, आणि यातलं सराडा हे आपल्या मराठी सरड्यावरनंच घेतलंय, आहे की नाही मजा? वरनं झडप घालणारं कोण नाही म्हटल्यावर हे सरडे निवांत झालेत, माणूस बराच जवळ गेल्याशिवाय पळत नाहीत आणि त्यांच्या रक्तात ताणाचं हार्मोनही कमी सापडलं. पाऊस नाही पळाला, घारी-ससाणे पळाले.

आणि मला विचाराल तर मामाच्या रागाचं मूळ ढगात नाहीच. नव्वदच्या दशकात पवनचक्कीत पैसा घातला की पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा, म्हणजे चक्कीची सगळी किंमत झीज म्हणून खर्चात दाखवून इन्कम टॅक्स वाचवता यायचा. वीज किती निघते यापेक्षा चक्की उभी राहिली हे महत्त्वाचं, त्यामुळं मालक लांब शहरात बसलेले, ज्यांनी आपली चक्की कधी डोळ्यानं बघितली पण नसंल. मामानं दोन एकर माळ तेव्हा एका एजंटाला कवडीमोलानं दिला, नापीकच तर होता. त्याच माळावर तयार झालेली वीज तारेतनं कुठं निघून गेली देव जाणे, आणि मामाच्या घरात लोडशेडिंगमुळं कंदील. ढगाचंही तेच आणि विजेचंही तेच, डोक्यावरनं जायचं आणि आपल्याला काय नाही.

हे सगळं मी त्याला गेल्या आठवड्यात फोनवर परत एकदा समजावलं, सरड्यासकट. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ते पाऊस-बिऊस राहू दे. परवा पुन्हा दोघं जण आलतं, मोठ्या पंख्याला जागा बघत्यात, राहिलेला माळ भाड्यानं मागत्यात. इकायचं न्हाई म्हटलंय म्या. पण भाड्याला वर्षाला किती टक्के वाढ लिहून घिऊ, तेवढं इचारून सांग."