फलनिष्पत्तिमापन (मुले व किशोरांच्या मानसिक आरोग्यसेवेतील)

उपचारानंतर मुलाच्या वा किशोराच्या त्रासात आणि दैनंदिन व्यवहारात किती फरक पडला, हे ठरावीक साधनांनी तपासण्याची पद्धत. त्यांपैकी बहुप्रचलित साधन म्हणजे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘सामर्थ्य व अडचणी प्रश्नावली’ (एसडीक्यू). तिचे मूळ ब्रिटिश बालमनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर यांच्या १९६०च्या दशकातील प्रश्नावल्यांत आहे. तीत २५ विधाने असून (उदा., डोके वा पोट वारंवार दुखण्याची तक्रार) प्रत्येकास ० ते २ गुण मिळतात. पाच-पाच विधानांच्या पाच गटांपैकी चार अडचणींचे (त्यांतील एक भावनिक त्रासाचा) असून त्यांची बेरीज ४० पर्यंत जाते. पाचवा, इतरांशी सहृदयतेने वागण्याचा गट बेरजेत धरत नाहीत. पाच गट खरोखर वेगळे आहेत का, याविषयी मतभेद आहेत. सर्वसामान्य मुलांच्या पाहणीसाठी तीन गटांची मांडणी अधिक ग्राह्य वाटते.

मुले सहसा त्रास शिगेला पोहोचला असताना सेवेकडे येतात. त्यामुळे उपचार न होताही पुढील गुण काहीसे उतरतात आणि ही उतरण सेवेच्या खाती जमा करणे चुकीचे ठरते. ब्रिटिश बालमनोविकारतज्ज्ञ टॅम्सिन फोर्ड व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये यावर सूत्र मांडले. पालकांनी भरलेल्या पहिल्या प्रश्नावलीतील एकूण गुणांची ०.८ पट व परिणाम-गुणांची (अडचणींमुळे होणारा मनस्ताप व दैनंदिन व्यवहारातील अडथळा यांचे गुण) ०.२ पट यांच्या बेरजेत २.३ मिळवायचे आणि भावनिक गटाच्या गुणांची ०.३ पट वजा करायची. येणारा आकडा म्हणजे सेवेविनाही अपेक्षित असलेले पुढील गुण. समजा, हे तीन गुण अनुक्रमे २०, ४ व ६ आहेत. तर अपेक्षित गुण १७.३ येतात. प्रत्यक्षात १५ आले, तर दिसणारी घट ५ असली तरी सेवेचे श्रेय २.३ एवढेच. सूत्र समूहासाठी आहे. एकट्या मुलाबद्दल त्यावरून निष्कर्ष काढू नये.

भारतात गोव्यातील ‘संगथ’ संस्थेच्या पुढाकाराने दिल्लीच्या सरकारी शाळांत झालेली, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी या दृष्टीने फार मोलाची आहे. समस्या सोडवण्याचे तंत्र शिकवणाऱ्या समुपदेशनाची परीक्षा तीत दोन मापांनी झाली : एसडीक्यू आणि किशोराने स्वतःच्या शब्दांत सांगितलेल्या प्रमुख समस्यांची तीव्रता. ‘गणिताच्या तासाला छाती धडधडते’ अशा एखाद्या वाक्याला तो स्वतःच ० ते १० गुण देतो. सहा आठवड्यांनी स्वतःच्या समस्यांच्या मापात समुपदेशन घेतलेला गट तुलनेसाठीच्या, समुपदेशन न मिळालेल्या गटापेक्षा सरस ठरला. एसडीक्यूच्या एकूण गुणांत मात्र दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.