वेगळी चूल : सीडीरेकॉर्ड ते वोडिम

डेबियन या लिनक्सवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर सीडी राइट करायला ‘सीडीरेकॉर्ड’ ही कमांड दिली, तरी वर्षानुवर्षं आत चालत आला तो ‘वोडिम’ नावाचा प्रोग्रॅम. दारावर पाटी जुन्या मालकाची, आत बिऱ्हाड दुसऱ्याचंच. ही भाऊबंदकी २००६ सालची.

सीडीरेकॉर्ड १९९६ मध्ये आलं. लेखक बर्लिनचे यॉर्ग शिलिंग. ड्राइव्हगणिक वेगळ्या खोडी सांभाळणारा हा माणूस आपल्या कामात पक्का, आणि मतांतही. जीव मात्र सन मायक्रोसिस्टिम्सच्या सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टिमवर. लिनक्स २.४ च्या काळात सीडी राइटर साध्या आयडीई जोडणीचा असला तरी बूट करतानाच कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, तो स्कझी या वेगळ्या जोडणीचा समजायला सांगावं लागे. मग सीडीरेकॉर्डचा ‘स्कॅनबस’ हा पर्याय चालवून ड्राइव्हचा तीन आकड्यांचा पत्ता काढायचा आणि ‘डेव्ह=०,०,०’ असा द्यायचा. कर्नल २.६ आल्यावर हा खटाटोप संपला. ड्राइव्हच्या फाइलचं नाव थेट दिलं तरी काम भागू लागलं. शिलिंगना हे पटलं नाही. २.६ वर चालताना त्यांचा प्रोग्रॅम इशारा छापू लागला : अडचण आली तर लिनक्स २.४ किंवा सोलारिस वापरून पाहा! डिस्ट्रोवाले, म्हणजे डेबियनसारखे लिनक्सचे तयार संच वाटणारे, असले इशारे काढून टाकत, डीव्हीडीसाठी कोडला स्वतःचे पॅच (दुरुस्त्या) लावत, आणि शिलिंग आणखी चिडत.

तरीही एवढ्यावर घर फुटलं नसतं. फुटलं ते लायसन्सवरून. मे २००६ मध्ये शिलिंग यांनी बराचसा कोड जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्सवरून सन मायक्रोसिस्टिम्सच्या सीडीडीएल या वेगळ्या अटींच्या मुक्त लायसन्सवर नेला. स्वतःच्या कोडपुरता तो त्यांचा हक्कच. पण सीडीरेकॉर्डच्याच संचातलं, डिस्कवर जाणाऱ्या मजकुराची एकच आयएसओ फाइल बनवणारं ‘एमकेआयएसओएफएस’ मूळचं एरिक यंगडेल यांचं, जीपीएलखालचं. त्याचं लायसन्स शिलिंगना एकट्याने बदलता येणार नव्हतं. ते जोडलं जायचं सीडीडीएलच्या लायब्रऱ्यांशी, आणि कोडपासून चालता प्रोग्रॅम बनवणं, म्हणजे बिल्ड, व्हायचं सीडीडीएलच्याच मेकफाइलींनी (बिल्डच्या सूचनांच्या फाइलींनी). डेबियनच्या मते ही दोन लायसन्सं एकत्र नांदू शकत नव्हती, त्यामुळे तयार पॅकेज वाटणंच नियमबाह्य. शिलिंग म्हणत, यात अडचण काहीच नाही.

सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनच्या मंडळींनी शेवटचा जीपीएल कोड उचलून ‘सीडीआरकिट’ सुरू केलं. सीडीरेकॉर्डचं वोडिम झालं, एमकेआयएसओएफएसचं ‘जेनआयएसओइमेज’, आणि शिलिंग यांची बिल्ड पद्धत काढून तिथे सीमेक हे दुसरं बिल्डचं साधन बसवलं. फेडोरा या दुसऱ्या डिस्ट्रोनेही हेच पॅकेज घेतलं.

पुढचं कमी सांगितलं जातं. सीडीआरकिटची शेवटची आवृत्ती १.१.११, ऑक्टोबर २०१० ची. माझ्या मते कारण सरळ आहे : वेगळी चूल मांडली ती लायसन्ससाठी, आणि मांडणारे पॅकेज सांभाळण्यात तरबेज होते; नव्या ड्राइव्हच्या खोडी शोधत बसण्याचं वेड ज्याला होतं, तो माणूस जुन्याच घरात राहिला. शिलिंग यांचा कोड त्यानंतरही पुढे जात राहिला, ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत. त्यानंतर काही स्वयंसेवकांनी तो ‘शिलीटूल्स’ म्हणून चालवायला घेतला.

डेबियन स्वतःच्या इन्स्टॉलेशनच्या आयएसओ फाइली बनवायला मात्र ‘झोरिसो’ या वेगळ्याच प्रोग्रॅमकडे वळलं. ते थॉमस श्मिट यांचं, आणि या भांडणातल्या कुठल्याच घराण्यातलं नाही.