‘नाव कुठं घेतलंय?’ या ढालीत दम किती?

सांगलीत निवडणूक लागली की स्टेशन चौकातल्या सभेची उजळणी चहाच्या टपरीवर होते. वक्त्यानं समोरच्याला ‘कारखाना गिळणारा बोका’ म्हटलेलं असतं. कुणी म्हणालं, बदनामीची केस होईल, तर भडंगाचा बकाणा भरलेला गडी ठरलेलं उत्तर देतो, “नाव कुठं घेतलंय? काय हुतंय मग!”

हा समज चुकीचा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये (१ जुलै २०२४ पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतलं ४९९-५००) नाव उच्चारण्याची अट नाही. रोख कुणावर हे ऐकणाऱ्याला कळलं, की पुरे. आणि गावात एकच कारखाना, त्याचा एकच चेअरमन असेल तर न कळायला काय झालं? उपरोधानं केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो, असं कलमाच्या स्पष्टीकरणातच आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत.

अर्थात प्रत्येक शेलका शब्द बदनामी नव्हे. पदावरच्या कामावर प्रामाणिकपणे झोड उठवायला मोकळीक आहे. लोकहितासाठी सांगितलेलं खरंही चालतं. ‘बोका’पेक्षा ‘गिळणारा’ जड जातो, कारण त्यात पैसे खाल्ल्याचा आरोप आहे.

मग हा समज टिकला कसा? बदनामी अदखलपात्र, म्हणजे पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. पोलीस ठाण्यात फार तर एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) होते; पुढं ज्याची बदनामी झाली त्यानंच न्यायदंडाधिकाऱ्यांकडं फिर्याद करायची. निकालानंतर दोघं एकाच लग्नाच्या पंगतीत दिसतात, फिर्याद राहते बाजूला.