गार वुड: हायवाचा हौदा, मिस अमेरिका आणि १९३१ ची ती ९ सेकंदं

खडी टाकायला आलेला हायवा रिव्हर्स घेतो, मागचा फाळका सुटतो, ड्रायव्हर केबिनमधूनच लिव्हर ओढतो आणि १५-२० टन माल भरलेला हौदा समोरून वर उचलला जातो, हे बांधकामावर उभं राहून आपण सगळ्यांनी बघितलंय. ही युक्ती ट्रकवर बसवून ज्यानं तिचा धंदा उभा केला तो माणूस म्हणजे गार वुड. जग त्याला ओळखतं ते मात्र पाण्यावर ताशी २०० किलोमीटरचा आकडा ओलांडणारा पहिला माणूस म्हणून. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत हे मला स्वतःला बऱ्याच उशिरा कळलं आणि तेव्हापासून त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत आलोय.

आधी शब्दाचा गुंता सोडवू. आपण डंपर, टिपर, हायवा हे तिन्ही शब्द एकाच गाडीसाठी वापरतो, पण हायवा हे गाडीचं नाव नाहीच, हौदा उचलणारा जॅक बनवणाऱ्या एका कंपनीचं ते नाव आहे, जॅकवर रंगवलेलं असायचं म्हणून अख्ख्या गाडीला चिकटलं. मला हे फार बरोबर वाटतं, कारण या गाडीत खरी वस्तू तो जॅकच आहे, बाकी ट्रक तर सगळेच असतात. वुडनं नेमकं तेच ओळखलं होतं.

जन्म ४ डिसेंबर १८८०, अमेरिकेत आयोवा राज्यातलं मेपलटन. महिन्याभरापूर्वीच निवडणूक झाली होती, निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड आणि उपराष्ट्राध्यक्ष आर्थर, दोघांची आडनावं जोडून पोराचं नाव ठेवलं गारफिल्ड आर्थर वुड. घरात डझनभर भावंडं, वडील मिनेसोटात ओसाकिस तलावावर फेरीबोट चालवायचे. दुसऱ्या बोटीशी शर्यत लागली आणि लाकडं संपली तेव्हा वडिलांनी बोटीवरचं फर्निचर फोडून बॉयलरमध्ये घातलं असा एक किस्सा सांगतात. पुढचा गार वुड बघितला की किस्सा खरा वाटतो.

१९११ च्या सुमारास त्यानं कोळशाच्या ट्रकचा ड्रायव्हर हातानं हँडल फिरवून हौदा वर घेताना बघितला. कडाक्याची थंडी, माणूस घामाघूम आणि हौदा इंचाइंचानं वर. वुडच्या डोक्यात आलं की ट्रकला इंजिन आहेच, त्यावर पंप चालवायचा, पंपानं सिलिंडरमध्ये तेल दाबायचं आणि तेलाच्या जोरावर हौदा उचलायचा. दाबलेल्या तेलाची ताकद लोकांना आधीपासून माहीत होती, त्यानं ती ट्रकवर आणली. पुढं डेट्रॉइटला कारखाना टाकला, भावांना धंद्यात घेतलं. मोटारींचा जमाना नुकता सुरू झालेला, शहरं वाढत होती, रस्ते होत होते आणि प्रत्येक ट्रकवाल्याला हा जॅक हवा होता. पैसा धो धो आला.

तो पैसा पाण्यात गेला, आणि हे मी कौतुकानं म्हणतोय. १९१६ मध्ये त्यानं मिस डेट्रॉइट नावाची रेसबोट विकत घेतली, मग ती बांधणाऱ्या अल्गोनॅकच्या कारागिराच्या कारखान्यातच भागीदारी घेतली (याच कारागिराच्या घरानं पुढं वेगळं होऊन क्रिस-क्राफ्ट बोटी काढल्या). १९१७ ते १९२१ सलग ५ वर्षं गोल्ड कप, म्हणजे अमेरिकेतली मोठी मोटरबोट शर्यत, त्याच्याकडे. त्यात १९२० ला इंग्लंडला जाऊन हार्म्सवर्थ ट्रॉफी, म्हणजे देशादेशांतल्या मोटरबोट शर्यतीची ट्रॉफी, उचलून आणली. पहिलं महायुद्ध संपल्यावर लिबर्टी नावाची १२ सिलिंडरची विमानाची इंजिनं ढिगानं उरली होती, ती त्यानं घेतली आणि बोटीत बसवली. १९२५ ला हडसन नदीतून ऑल्बनी ते न्यूयॉर्क एका नामांकित एक्स्प्रेस ट्रेनशी शर्यत लावली आणि जिंकला.

आता मुख्य गोष्ट, १९३१. ती समजायला ट्रॉफीचे नियम माहीत पाहिजेत. ही शर्यत माणसांची नव्हती, देशांची होती. बोट आणि इंजिन त्याच देशात बनलेलं पाहिजे, माणसं त्याच देशाची पाहिजेत, लांबी ४० फुटांच्या आत आणि एका देशाला ३ बोटीपर्यंत उतरवता यायच्या. म्हणून तर बोटींची नावं मिस अमेरिका, मिस इंग्लंड. आणि सुरुवात उभ्या बोटीनं नाही, फ्लाइंग स्टार्ट. म्हणजे मागून पळत यायचं, ड्रायव्हरनं घड्याळ बघत वेग असा सांभाळायचा की तोफ उडताना बोट नेमकी रेषेवर. लवकर ओलांडलीत तर थोडी सवलत, त्याच्याही आधी गेलात तर बाद.

त्या वर्षी मार्चमध्ये वुडनं मायामी बीचला मिस अमेरिका ९ मधून ताशी १०० मैलांचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला, १०२ मैल. ब्रिटिशांची मिस इंग्लंड २ आदल्या वर्षी विंडरमियर तलावावर उलटून तिचा ड्रायव्हर गेला होता, तीच बोट दुरुस्त करून नव्या ड्रायव्हरनं जुलैत इटलीच्या गार्डा तलावावर ११० मैल काढले. आणि सप्टेंबरमध्ये दोघं डेट्रॉइट नदीवर समोरासमोर. दोन्ही काठांवर लाखो लोक. पहिली हीट, म्हणजे शर्यतीची पहिली फेरी, ब्रिटिश बोटीनं सरळ जिंकली. ३ पैकी २ जिंकायच्या होत्या, म्हणजे ट्रॉफी जवळजवळ गेलीच होती.

दुसऱ्या हीटच्या आधी वुडच्या बोटीत बिघाड, त्यानं थोडा वेळ वाढवून मागितला, समोरून नकार आला. मग हीट सुरू झाली आणि वुड तोफेच्या साधारण ९ सेकंद आधी रेषेच्या पार, त्याच्या मागे ब्रिटिश बोट ७ सेकंद आधी. दोघंही बाद. पहिल्याच वळणावर ब्रिटिश बोट उलटली, नशिबानं तिच्यातले तिघेही वाचले. आणि मागून घड्याळ बघून व्यवस्थित रेषा ओलांडलेली तिसरी बोट, जुनी आणि हळू मिस अमेरिका ८, ती जिंकली. ती चालवत होता वुडचा सख्खा भाऊ जॉर्ज. शेवटच्या हीटमध्ये त्याच्यासमोर कोणी उरलंच नव्हतं, ट्रॉफी अमेरिकेत राहिली.

इंग्लंडच्या पेपरांनी याला फसवणूक म्हटलं, आणि वुडनं मुद्दाम केलं की घड्याळ चुकलं यावर लोक आजही भांडतात. मी वुडच्या बाजूचा माणूस आहे पण मला ते चुकून झालेलं वाटत नाही. ९ सेकंदं थोडी वाटतात, पण ताशी १३० किलोमीटरनं ९ सेकंदात बोट सव्वातीनशे मीटर जाते, आणि १४-१५ वर्षं घड्याळावर स्टार्ट घेणारा माणूस एवढा चुकत नाही. त्याला माहीत होतं समोरचा आपल्या मागे येणार, आणि भाऊ मागे तयार आहे. नियमात बसतं, खेळाला शोभत नाही. पण दुसरी बाजूही धरली पाहिजे, घड्याळ दोघांनाही दिसत होतं, ब्रिटिश ड्रायव्हरनं घड्याळ सोडून वुडकडे बघितलं. आणि बिघाड झालेल्या माणसाला वेळ नाकारणं हेही नियमातच बसत होतं.

मला वाईट याचं वाटतं की या एका हीटच्या गोंधळात १९३२ झाकलं जातं. जुलैत ब्रिटिशांनी स्कॉटलंडमध्ये ११९.८१ मैल काढले, तेव्हा वुडनं मिस अमेरिका १० आणली, ३८ फुटी बोट, त्यात ४ पॅकार्ड इंजिनं, एकूण ६४०० हॉर्सपॉवर. शेजारी कायमचा मेकॅनिक आणि बोटीत बांधलेले २ टेडी बेअर, त्यांना छोटी लाइफ जॅकेटं घातलेली, बायकोनं दिलेले, त्यांच्याशिवाय तो शर्यतीला निघायचा नाही. २० सप्टेंबर १९३२ ला सेंट क्लेअर नदीवर १२४.८६ मैल, म्हणजे ताशी २०० किलोमीटरच्या थोडं वर. त्याच महिन्यात ट्रॉफीही राखली, आणि या वेळी स्टार्टवरून कोणाची तक्रार नव्हती. रेकॉर्ड ५ वर्षं टिकला, १९३७ ला मॅजोरे तलावावर मोडला.

१९३३ ला ट्रॉफी शेवटची जिंकून त्यानं शर्यत सोडली. समोर एकच इंजिन असलेली २४ फुटी ब्रिटिश बोट होती आणि तिनं चांगलंच झुंजवलं. त्याच्या बोटींत बसवलेली पॅकार्ड इंजिनं पुढं सुधारून दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या पीटी टॉर्पेडो बोटींत गेली. त्याच्या नावानं होड्या बनवणारा विभाग १९४७ ला बंद झाला, जॅकचा धंदा चालू राहिला. तो स्वतः मायामीजवळ फिशर आयलंडवर जाऊन राहिला, ८५ ओलांडल्यावरही बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या गाडीवर खटपट करत होता, आणि १९ जून १९७१ ला ९० व्या वर्षी गेला.