जुन्या परफ्यूमचा भरदार सुगंध निव्वळ फुलांचा नसे

जुन्या धाटणीच्या उंची परफ्यूममधला भरदार, रेंगाळणारा सुगंध निव्वळ नैसर्गिक अर्कांचा असतो आणि कृत्रिम द्रव्ये ही अलीकडची काटकसर आहे, हा समज वर्षानुवर्षे रूढ आहे. तो खरा नाही. गेर्लँ या फ्रेंच परफ्यूम कंपनीच्या १८८९ सालच्या ‘जिकी’मध्येच प्रयोगशाळेत तयार केलेले कुमारिन (वाळल्या गवतासारख्या गोडसर वासाचे द्रव्य) आणि व्हॅनिलिन (व्हॅनिलाच्या वासाचे द्रव्य) होते. १९२५ च्या ‘शालिमार’मध्ये तर बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचा आंबटसर तजेला उडून गेल्यावर त्वचेवर जो धुरकट, मऊ गोडवा तासन्‌तास टिकतो, त्यात व्हॅनिलिनहून कितीतरी तीव्र अशा एथिल व्हॅनिलिनचा मोठा वाटा आहे. नैसर्गिक अर्कांचे मोल यामुळे मुळीच कमी होत नाही. १९२१ च्या ‘शानेल नं. ५’मध्ये जाई आणि गुलाबाच्या अर्कांना जी झळाळी आली, ती मात्र अल्डिहाइड या कृत्रिम सुगंधी द्रव्यांमुळे.